वेटलिस्टवर नंबर चार, तरी सीट का नाही? अमेरिकेतल्या कोर्स नोंदणीचं गणित

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

०:०० – एक स्क्रीनशॉट

जुलै महिना आला की माझ्या फोनवर एका ठरावीक प्रकारचे स्क्रीनशॉट यायला लागतात. पिवळा त्रिकोण, शेजारी 'वेटलिस्ट पोझिशन' आणि एक आकडा. खाली मेसेज: "दादा, हे होईल का कन्फर्म?"

पाठवणारे कोण? एमएससाठी अमेरिकेला निघालेले चुलत-मावस भावंडं, मित्रांचे मित्र, आणि आईच्या भिशी ग्रुपमधल्या काकूंची मुलं. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. म्हणजे हा स्क्रीनशॉट किती घरांत फिरत असेल बघा. त्या मुलांकडे व्हिसा आहे, तिकीट आहे, कर्ज मंजूर आहे, बॅगेत प्रेशर कुकरही आहे. फक्त कोर्समध्ये सीट नाहीये.

मला हे कळतं याचं कारण फार अभिमानाचं नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत मी आत्मविश्वासाने चुकीचा सल्ला दिला आणि तिची सीट घालवली. आज तीच गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्ही तरी तसं करणार नाही.

१:४० – मी काय घोळ घातला

बहीण सिव्हिलची. बीई झाल्यावर तिने डेटाकडे वळायचं ठरवलं आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळवला. प्रवेश सशर्त होता: पहिल्या वर्षात प्रोबॅबिलिटीचा एक अंडरग्रॅड कोर्स पूर्ण करायचा. तो ४ क्रेडिटचा. मोठं लेक्चर, आणि त्याला जोडून पाच डिस्कशन सेक्शन.

तिच्या नोंदणीची वेळ सकाळी साडेआठची, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ९. सगळे जेवायचे थांबलो होतो. दोन मुख्य कोर्स मिळाले, ३ आणि ३, एकूण ६ क्रेडिट. प्रोबॅबिलिटीला मात्र वेटलिस्ट नंबर ४. हाताशी काहीतरी असावं म्हणून तिने ३ क्रेडिटचा आणखी एक कोर्स घेतला. झाले ९.

नंबर ४ म्हणजे फारच छान, असं घरात सगळ्यांनी ठरवलं. बाबा म्हणाले, "आपलं कोकणकन्याचं वेटिंग १८ असतं, तरी होतं की!"

तीन आठवडे गेले. नंबर ४ चा १ झाला आणि तिथेच अडकला. आणि एके दिवशी तिचा फोन, जवळजवळ रडवेल्या आवाजात. तिच्याच प्रोग्रॅममधली मैत्रीण, जी ९ नंबरवर होती, ती कोर्समध्ये गेली. ही १ नंबरवर असून बाहेरच.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. रोजच्या कामात क्यू लिहितो. जो आधी आला तो आधी जाणार, हे तर पहिल्या सेमिस्टरचं डेटा स्ट्रक्चर! मी ठामपणे म्हणालो, "सिस्टीममध्ये बग आहे. तू ज्या डिस्कशन सेक्शनवर आहेस तो अडकलाय. ड्रॉप कर आणि दुसऱ्या सेक्शनने परत ॲड कर."

तिने केलं. दोन मिनिटांनी मेसेज आला: "दादा, नंबर १९ झाला."

त्या शनिवार-रविवारी मी विद्यापीठाची सगळी मदतपानं वाचून काढली. बग नव्हताच. सिस्टीम जसं लिहून ठेवलं होतं तसंच वागत होती. चूक एवढीच की मी तिला रांग समजत होतो.

४:३० – आधी डिस्कशन सेक्शन म्हणजे काय

आपल्याकडच्या इंजिनिअरिंगला टाइमटेबल नोटीस बोर्डवर लागतं. डिव्हिजन बी, बॅच बी-२, सोमवारी दुपारी प्रॅक्टिकल. विषय संपला. कुणी विचारत नाही तुम्हाला जमतं का. अमेरिकेत मात्र टाइमटेबल प्रत्येकाने स्वतः बांधायचं असतं, आणि एक कोर्स बऱ्याचदा दोन तुकड्यांत येतो.

पहिला तुकडा लेक्चर. प्राध्यापक शिकवतात, हॉलमध्ये दोनशे-तीनशे मुलं. दुसरा तुकडा डिस्कशन सेक्शन. आपल्या प्रॅक्टिकल बॅचसारखाच, पण प्रयोगाऐवजी गणितं आणि शंका. पंचवीस-तीस मुलं आणि शिकवायला टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, जो बहुतेक वेळा पीएचडी किंवा एमएसचा विद्यार्थी असतो.

नावं बघून हे ओळखता येतं. बर्कलीमध्ये लेक्चर ००१ असतं आणि त्याची डिस्कशन्स १०१, १०२, १०३ अशी. सॅन डिएगोला लेक्चर ए००, डिस्कशन ए०१, ए०२. कोर्स घेणं म्हणजे लेक्चर आणि त्याला जोडलेला एक सेक्शन, दोन्ही मिळणं.

म्हणून लेक्चर हॉलमध्ये ४० खुर्च्या रिकाम्या असल्या तरी तुम्ही निवडलेला सेक्शन भरलेला असेल, तर तुमचा नंबर लागत नाही. सेक्शन वाढवायचा तर टीए नेमावा लागतो, त्याच्या पगाराची सोय करावी लागते, खोली शोधावी लागते. "प्रोफेसरांना सांग ना, एकाला घ्या म्हणावं" हे आपल्या घरचं वाक्य तिथे म्हणूनच फारसं चालत नाही. त्यांच्या हातात खुर्ची नसतेच.

६:५० – वेटलिस्ट ही रांग नाही, चाळण आहे

आता मुख्य मुद्दा. समजा एकाने कोर्स सोडला आणि एक जागा मोकळी झाली. सिस्टीम ठरावीक वेळाने यादी वरून खाली वाचते. पहिल्या माणसाला बघते आणि काही अटी तपासते. सगळ्या पूर्ण असतील तर आत. एक जरी अट अडली तरी त्याला तिथेच ठेवून दुसऱ्याकडे जाते. तुम्हाला वगळलं, हे बऱ्याच ठिकाणी ती सांगतही नाही.

अटी साधारण या पाच.

एक, वेळेची टक्कर. लेक्चर किंवा निवडलेलं डिस्कशन तुमच्या आधी घेतलेल्या एखाद्या कोर्सशी दहा मिनिटांनी जरी भिडत असेल तरी अडतं. काही विद्यापीठांत वेटलिस्टवर जातानाच अडवतात. काही ठिकाणी तेव्हा जाऊ देतात आणि जागा द्यायच्या वेळी वगळतात. दुसरा प्रकार जास्त फसवा.

दोन, क्रेडिटची कमाल मर्यादा. एका टर्मला तुम्ही किती क्रेडिट घेऊ शकता याला छत असतं. नवीन कोर्स धरून बेरीज त्याच्यावर गेली की वगळलं. काही विद्यापीठं वेटलिस्टवरचे क्रेडिटही आधीच बेरजेत धरतात, त्यामुळे चार-चार वेटलिस्टवर नाव टाकून ठेवणं अंगाशी येतं.

तीन, सेक्शन भरलेला असणं. हे वर सांगितलंच.

चार, राखीव जागा. हे आपल्याला लगेच कळेल. रेल्वेत जीएनडब्ल्यूएल ९ कन्फर्म होतं आणि पीक्यूडब्ल्यूएल ४ तसंच लटकतं, कारण कोटा वेगळा. इथेही तसंच. अमुक जागा त्या विभागाच्या विद्यार्थ्यांना, अमुक नव्याने आलेल्यांना. स्क्रीनवर "६ जागा शिल्लक" दिसतात आणि तरी तुम्ही बाहेर, कारण त्या ६ तुमच्यासाठी नाहीतच. बऱ्याचदा टर्म सुरू होण्याच्या आसपास हा राखीवपणा उठवतात, आणि तेव्हा यादी एकदम हलते.

पाच, होल्ड आणि पूर्वअट. खात्यावर होल्ड असेल तर काहीच होत नाही. आपल्या मुलांचे नेहमीचे होल्ड दोन: लसीकरणाची कागदपत्रं, आणि भारतातल्या विद्यापीठाचं अंतिम ट्रान्स्क्रिप्ट किंवा पदवी प्रमाणपत्र पोहोचलेलं नसणं. पदवीदान व्हायला आपल्याकडे लागणारा वेळ तिथल्या सिस्टीमला माहीत नसतो. पूर्वअट म्हणजे 'हा कोर्स घेण्याआधी तो झालेला हवा'. तुम्ही तो पुण्यात केला असेल, पण सिस्टीमला तो दिसत नाही. त्यासाठी विभागाकडून वेगळी परवानगी लागते.

आता बहिणीच्या स्क्रीनशॉटकडे परत. तिचं डिस्कशन सोमवारी १० वाजता. जो जादाचा कोर्स तिने हाताशी घेतला होता, तो सोमवारी साडेदहाला. टक्कर! शिवाय तिच्या विद्यापीठात ग्रॅज्युएट विद्यार्थ्याची मर्यादा १२ क्रेडिट होती. तिच्याकडे ९ होते, यायचे होते ४. बेरीज १३. म्हणजे ती एकदा नाही, दोनदा अडली होती. जागा आली की सिस्टीम तिच्याजवळ यायची, दोन लाल खुणा बघायची आणि पुढे जायची. मैत्रिणीच्या बाबतीत दोन्ही अटी ठीक होत्या.

आणि माझा सल्ला? त्याने टक्कर सुटली, पण मर्यादेचं काय? तशीच होती. १९ चा १ झाला असता तरी ती पुन्हा वगळली गेली असती.

१०:२० – हातची सीट न सोडता

मग जादाचा कोर्स घ्यायचाच नाही का? घ्यायचा, नक्की घ्यायचा. फक्त तो वेटलिस्टशी बांधून ठेवायचा.

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये मिळालेली सीट हातात ठेवून बेटरमेंटला जातात ना, अगदी तसं. बऱ्याच सिस्टीममध्ये वेटलिस्टवर जाताना एक पर्याय असतो: 'हा कोर्स मिळाला तर तो सोडून दे'. कुठे त्याला स्वॅप म्हणतात, कुठे ड्रॉप इफ एनरोल्ड. तो लावला की अटी तपासताना सिस्टीम जुना कोर्स वजा करून हिशोब करते. बहिणीच्या बाबतीत ९ मधून ३ गेले असते, ४ आले असते, एकूण १०. टक्करही नाही, मर्यादाही नाही. एक टिक करायची राहिली होती. बस.

दोन गोष्टी इथे जपा. पहिली, सोडायचा कोर्स बरोबर निवडला आहे ना ते दोनदा बघा. घाईत मुख्य कोर्सवर टिक केली तर पहाटे तोच गेलेला असेल. दुसरी, जागा मिळाल्यावर टाइमटेबल पुन्हा उघडून बघा.

आणि माझ्या चुकीचा धडा: ड्रॉप करून परत ॲड करू नका. वेटलिस्टवरचं नाव काढलं की जागा गेली, तुम्ही शेवटी. सेक्शन बदलायचा असेल तर आधी एडिट किंवा अपडेटचा पर्याय आहे का ते शोधा, आणि त्याने नंबर टिकतो का हे विद्यापीठाच्या मदतपानावर वाचा. जिथे प्रत्येक सेक्शनची वेगळी वेटलिस्ट असते, तिथे सेक्शन बदलणं म्हणजे नव्या यादीत शेवटी उभं राहणं.

मग सेक्शन कोणता निवडायचा? सगळ्यांना मंगळवार-बुधवारचे ११ ते २ हवे असतात. शुक्रवारी सकाळी ८ कुणालाच नको असतो. तुम्ही नेमका तोच घ्या. आपण सकाळी साडेसातच्या क्लासला जाणारी माणसं, आठ म्हणजे काय! नंतर काही मोठ्या कोर्सेसमध्ये टीए दुसऱ्या सेक्शनला बसूही देतात. आधी आत जाणं महत्त्वाचं.

१३:०० – तुमची सिस्टीम कोणत्या प्रकारची आहे

हे आधी ओळखा, कारण दोन प्रकारांत वागायची पद्धत एकदम उलट आहे.

पहिला प्रकार: आपोआप भरती. जागा आली की सिस्टीमच तुम्हाला आत घेते आणि मेल येतो. ओरॅकलच्या पीपलसॉफ्टवर चालणाऱ्या अनेक विद्यापीठांत असं असतं. तिथली चिन्हंही ठरलेली: हिरवं वर्तुळ म्हणजे जागा आहे, पिवळा त्रिकोण म्हणजे वेटलिस्ट, निळा चौकोन म्हणजे बंद. या प्रकारात तुमचं काम एकच, अटी सतत पूर्ण ठेवणं. धोका असा की विचार बदलला आणि वेटलिस्टवरून नाव काढायला विसरलात, तर नको असलेला कोर्स गळ्यात पडतो आणि फी लागते.

दुसरा प्रकार: कळवणं. जागा आली की मेल येतो आणि ठरावीक तासांत तुम्ही स्वतः जाऊन नोंदणी करायची. एल्युसियनच्या बॅनरवर चालणाऱ्या बऱ्याच विद्यापीठांत ही पद्धत असते. मुदत विद्यापीठ ठरवतं. ती चुकली की जागा पुढच्याला. आता विचार करा, तुम्ही अजून पुण्यात आहात, मेल रात्री अडीचला आला आणि मुदत सकाळी संपते. अशा वेळी विद्यापीठाचा मेल फोनवर घ्या, त्याची सूचना मोठ्या आवाजात ठेवा, आणि भरवशाच्या एका माणसाला सांगून ठेवा की मला उठव. पासवर्ड मात्र कुणाला देऊ नका, भावालासुद्धा नाही.

काही ठिकाणी बऱ्याच कोर्सेसना वेटलिस्टच नसते. वॉशिंग्टन विद्यापीठात नोटिफाय यूडब्ल्यू नावाची सेवा आहे, ती फक्त 'जागा झाली' असं सगळ्यांना सांगते. मग ज्याचं बोट आधी पडेल त्याची सीट.

वेळेबद्दल एक छोटी गोष्ट. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतो, नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं बदलली की साडेतेरा. पहिल्या टर्मची नोंदणी रात्री ९ ला झाली म्हणून पुढचीही ९ लाच असेल असं धरून चालू नका.

आणि नोंदणी एका फटक्यात होत नाही. बर्कलीत दोन फेज असतात, यूसीएलएला पहिला आणि दुसरा पास. पहिल्या फेरीत मोजकेच क्रेडिट घेता येतात. म्हणून जो कोर्स सगळ्यात आधी भरतो, तो पहिल्या फेरीत घ्या. सहज मिळणारे दुसऱ्या फेरीला ठेवा. आपण भाबडेपणाने आवडता कोर्स आधी घेतो. आवड नंतर, गर्दी आधी बघायची.

१६:१० – माणसाला लिहायची वेळ

सिस्टीमने जे करायचं ते केलं, तरी अडलंय. आता माणसाला लिहायचं. पण कुणाला?

मोठ्या विभागांत हे काम बहुतेक वेळा प्राध्यापकांकडे नसतं. विभागात नोंदणी बघणारा एक कर्मचारी असतो किंवा तुमचा प्रोग्रॅम ॲडव्हायजर. छोट्या कोर्सला प्राध्यापक परमिशन नंबर देऊ शकतात. तो टाकला की ज्या अटीसाठी तो दिला आहे ती अट सुटते. टीएच्या हातात बहुतेक वेळा काहीच नसतं, त्या बिचाऱ्याला रोज असे चाळीस मेल येतात.

मेल कसा लिहायचा? आपल्याला सवय 'रिस्पेक्टेड सर, काइंडली डू द नीडफुल'ची. तिथे हे वाचून त्यांना कळतच नाही की नेमकं करायचं काय. सहा-सात ओळी पुरतात. नाव, विद्यार्थी क्रमांक, कोर्स नंबर, सेक्शन नंबर, वेटलिस्टवरचा नंबर. मग हा कोर्स याच टर्मला का हवा ते एका वाक्यात. आणि शेवटी एकच प्रश्न: राखीव जागा कधी उठवणार, किंवा पूर्वअटीची परवानगी मिळेल का. रडगाणं नको, कर्जाची गोष्ट नको. "माझ्या प्रवेशाच्या पत्रात हा कोर्स पहिल्या वर्षात करण्याची अट आहे" हे एक वाक्य दहा विनंत्यांपेक्षा वजनदार असतं, कारण त्यावर ते काहीतरी करू शकतात.

टर्म सुरू झाली आणि तुम्ही अजून वेटलिस्टवर असाल तर लेक्चरला जाऊन बसा. तुमच्या सेक्शनलाही जा, टीएला आधी विचारून. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ करा. कॅनव्हासवर कोर्स दिसत नसेल तर साहित्य कुठे मिळेल ते विचारा. दहाव्या दिवशी आत गेलात तर मागचं कुणी माफ करेलच असं नाही. क्वार्टर पद्धतीच्या विद्यापीठात, म्हणजे यूसीएलए, सॅन डिएगो, वॉशिंग्टन अशा ठिकाणी, शिकवणं जेमतेम दहा आठवडे असतं. तिथे दोन आठवडे गेले म्हणजे पाचवा हिस्सा संपला.

आणि पहिल्या आठवड्यात सेक्शनला न जाणाऱ्यांची नावं काही कोर्सेसमध्ये काढतात. त्या खुर्च्या कुणाला मिळतात? जे आलेले असतात आणि अटी पूर्ण असतात त्यांना.

१९:०० – आता गंभीर भाग: व्हिसा

इतका वेळ आपण सोयीबद्दल बोललो. एफ-१ व्हिसावर असाल तर क्रेडिटची बेरीज सोयीची गोष्ट राहत नाही.

एफ-१ वर पूर्णवेळ शिक्षण घ्यावंच लागतं. अंडरग्रॅडला टर्ममागे किमान १२ क्रेडिट. ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला किती, ते विद्यापीठ ठरवतं. बऱ्याच ठिकाणी सेमिस्टरला ९ असतात. नव्या विद्यार्थ्याची नोंद प्रोग्रॅम सुरू होण्याच्या तारखेपासून ३० दिवसांत विद्यापीठाचा डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी, सेविस या सरकारी प्रणालीत करतो. आणि तेव्हा वेटलिस्टवरचे क्रेडिट मोजले जात नाहीत. ६ घेतलेले आणि ४ वेटलिस्टवर म्हणजे १० नाहीत, ६ च.

ऑनलाइन कोर्सने भरती करायची म्हटलं तर पूर्णवेळेच्या हिशोबात टर्मला एकच ऑनलाइन कोर्स किंवा ३ क्रेडिट धरता येतात. आणि पूर्णवेळेच्या खाली जायचं असेल तर डीएसओची परवानगी आधी हवी. आधी कोर्स सोडला, मग विचारलं, असं चालत नाही.

म्हणून हातचा कोर्स हवाच. बहिणीने तो घेतला होता ही तिची अक्कल होती, माझी नव्हे. एका क्षणी मी तिला म्हणालो होतो, "टक्कर होतेय तर तो जादाचाच काढून टाक." तिने ऐकलं नाही. ऐकलं असतं तर कोर्समध्ये सीट नाही आणि क्रेडिट ६, असं होऊन ती तिसऱ्या आठवड्यात डीएसओच्या दारात उभी असती. पुण्यात बसून सल्ला देणं सोपं असतं हो. निभवायचं त्यांना असतं.

२१:३० – पुढे काय झालं

तिने एडिटमध्ये जाऊन ड्रॉप इफ एनरोल्डची टिक केली. १९ चा हळूहळू ६ झाला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वेटलिस्ट बंद झाली. नाही मिळाला कोर्स.

तिने हातचा कोर्स नेटाने केला. ॲडव्हायजरला लिहून विचारलं की अट पहिल्या वर्षातली आहे, स्प्रिंगला केला तर चालेल ना. चालेल, असं लेखी उत्तर आलं. नोव्हेंबरमध्ये पुन्हा नोंदणी, या वेळी आपल्याकडे रात्री १०. ती सगळं कागदावर लिहून बसली होती: पहिल्या फेरीत हाच कोर्स, सेक्शन शुक्रवारी सकाळी ८, हातचा कोर्स बांधलेला, बेरीज १२ च्या आत. वेटलिस्ट नंबर आला ११. मी गप्प बसलो.

वर्ग सुरू व्हायच्या चार दिवस आधी मेल आला. ११ वरून आत.

फॉलला नंबर ४, सीट नाही. स्प्रिंगला नंबर ११, सीट आहे. मला जे सांगायचं होतं ते एवढंच. नंबर तुमच्या हातात नसतो. जागा आली त्या क्षणी तुम्ही अडू नये, हे बऱ्याच अंशी हातात असतं.

२२:५० – फोनमध्ये ठेवायची यादी

याचा स्क्रीनशॉट काढा, नोंदणीच्या आदल्या रात्री वाचा.

१. खात्यावर होल्ड आहे का? असेल तर आधी तो सोडवा.
२. सिस्टीम आपोआप आत घेते की फक्त कळवते?
३. सगळ्यात लवकर भरणारा कोर्स पहिल्या फेरीत.
४. सेक्शन गर्दीचा नको. लेक्चर आणि सेक्शन दोन्ही टाइमटेबलमध्ये मांडून टक्कर बघा.
५. वेटलिस्टचे धरून आणि न धरून, दोन्ही बेरजा करा. एक कमाल मर्यादेच्या आत हवी, दुसरी व्हिसाच्या किमानाच्या वर.
६. हातचा कोर्स घ्या आणि तो वेटलिस्टशी बांधा.
७. मागचे लोक पुढे गेले तर घाबरून ड्रॉप करू नका. वरच्या पाच अटी एकेक करून तपासा.
८. वेटलिस्ट कधी बंद होते आणि फी परत मिळण्याची शेवटची तारीख कोणती, दोन्ही कॅलेंडरवर टाका.
९. विद्यापीठाचं मदतपान भावाच्या सल्ल्याच्या आधी वाचा.

नववा मुद्दा बहिणीने घालायला लावलाय.

तुमच्या घरातून कुणी या वर्षी जाणार असेल तर त्यांना हा भाग निघायच्या आधी ऐकवा, विमानात बसल्यावर नको. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!